नाव कोणाच्या नावावर?

विरारहून डहाणूकडे जाणारी संध्याकाळची लोकल वैतरणेच्या पुलावर होती, तेवढ्यात मावशीचा फोन आला. "अरे, आपली साइट धोक्याची आहे असं येतंय. दोन गिऱ्हाइकांनी फोन करून सांगितलं. उद्या बारा माणसं यायचीत उकडहंडीला. आता काय करायचं?"

मावशीचं घर सफाळ्याचं, तांदूळवाडीच्या गडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. मागच्या वाडीत तिने पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत. पावसाळ्यात गड चढायला येणारी पोरं आणि थंडीत उकडहंडीसाठी येणारी मुंबईची कुटुंबं हे तिचं गिऱ्हाईक. साइट चार वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने हौसेने करून दिली होती. मी गाडीतच ती उघडली. पान दिसायच्या ऐवजी इशारा आला: हे कनेक्शन सुरक्षित नाही. तपशील वाचला आणि जीव भांड्यात पडला. साइट कोणी फोडली नव्हती. तिच्या प्रमाणपत्राची मुदत आदल्या रात्री संपली होती, एवढंच.

"पाच मिनिटांचं काम आहे, घरी येऊन करतो," मी म्हणालो. त्या पाच मिनिटांच्या कामाला अकरा दिवस लागले. साइटवर फोटो मावशीच्या घराचे होते, फोन नंबर मावशीचा होता, दरवर्षी पैसेही तीच भरत होती. पण साइटचं नाव मावशीच्या नावावर नव्हतं.

चार वस्तू, एक पावती

साइट घेताना पावती बहुतेकदा एकच मिळते, त्यामुळे आपण एकच वस्तू घेतली असं वाटतं. प्रत्यक्षात त्या चार असतात. पहिली वस्तू म्हणजे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. ते कोणी विकत घेत नाही; एक ते दहा वर्षांच्या मुदतीने आपल्या नावे नोंदवून घेतो आणि मुदत संपत आली की वाढवतो. दुसरी वस्तू नेमसर्व्हर: हे नाव सध्या कुठल्या यंत्रावर नांदतं, ते विचारणाऱ्याला सांगणारा. तिसरी होस्टिंग, म्हणजे ते यंत्र आणि त्यावरची भाड्याची जागा. आणि चौथी प्रमाणपत्र, ज्याला अजून सगळे एसएसएल म्हणतात.

या चारही वस्तू चार ठिकाणांहून घेता येतात. होस्टिंग आवडलं नाही तर बदलता येतं, नेमसर्व्हर बदलता येतो, प्रमाणपत्र तर दर काही आठवड्यांनी नवीनच घ्यायचं असतं. नाव मात्र बदलता येत नाही. तेच पाटीवर रंगवलेलं असतं, तेच पाहुण्यांच्या लक्षात असतं. बाकी सगळं भाड्याचं आहे. जपायची चीज आहे ती नावाची नोंद.

पत्ता विचारत जाणं

सफाळे स्टेशनवर उतरून कोणाला अमुक एक घर विचारलं, तर त्याला ते घर ठाऊक नसेलही. पण तो म्हणेल, "माकुणसारला जा, तिथे कोणीही सांगेल." तिथला माणूस आळी दाखवेल आणि आळीतला माणूस घर. इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधण्याची रीत हुबेहूब अशीच आहे.

सुरुवातीला अशी विचारपूस करायची गरज नव्हती. अमेरिकेतल्या अर्पानेटवर यंत्रं थोडी होती आणि सगळ्यांची नावं-पत्ते एकाच यादीत मावत. एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती यादी कॅलिफोर्नियात सांभाळत आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. यंत्रं वाढली तशी यादी आवरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी वेगळी रचना मांडली: एकच मोठी यादी ठेवायचीच नाही, प्रत्येकाने आपापल्या हद्दीपुरती नोंदवही सांभाळायची आणि पुढच्या हद्दीसाठी दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. आजची डीएनएस व्यवस्था याच कल्पनेवर उभी आहे.

समजा, दादरच्या एका घरात मावशीच्या साइटचं नाव टाइप झालं. ब्राउझर आधी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या शोधक सर्व्हरला विचारतो. त्याला ठाऊक नसेल तर तो मूळ सर्व्हरकडे जातो. जगात असे १३ मूळ सर्व्हर आहेत, 'ए' ते 'एम' अशा अक्षरांनी ओळखले जाणारे. त्यांच्या प्रती मात्र जगभर विखुरल्या आहेत, मुंबईतही आहेत. मूळ सर्व्हर म्हणतो, "ते घर मला ठाऊक नाही, पण 'डॉट इन'वाले अमुक ठिकाणी बसतात." 'डॉट इन'वाले म्हणतात, "या नावाचे नेमसर्व्हर हे दोन, त्यांना विचारा." आणि त्या दोघांपैकी एक अखेर यंत्राचा क्रमांक सांगतो. ही सगळी पायपीट डोळ्याचं पातं लवायच्या आत होते.

यातली 'डॉट इन'ची नोंदवही एकेकाळी आपल्याच मुंबईत होती. २००५ पूर्वी ती जुहूच्या एनसीएसटी या संस्थेकडे, म्हणजे श्रीनिवासन रमणी यांनी उभ्या केलेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. नावं देण्याचे नियम तेव्हा इतके काटेकोर होते की २००४ पर्यंत सगळी मिळून ७,००० च्या आसपासच नावं नोंदली गेली. जानेवारी २००५ पासून हे काम निक्सी या संस्थेकडे आलं, नोंदणी सर्वांना खुली झाली आणि मगच 'डॉट इन' किराणा दुकानांच्या पाट्यांवर दिसू लागलं.

२७ ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत'ही मिळू लागलं आणि मराठीतलं नाव देवनागरीतच नोंदवायची सोय झाली. गंमत अशी की डीएनएसच्या नोंदवहीत ते नाव देवनागरीत लिहिलं जात नाही. प्युनीकोड नावाच्या पद्धतीने ते रोमन अक्षरांत बदलतं आणि त्याच्या आधी 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघा लागतात. म्हणून मराठी नावाचं प्रमाणपत्र तपासताना त्यात अगम्य रोमन अक्षरं दिसली तर घाबरायचं नाही. ते आपलंच नाव असतं.

नेमसर्व्हर बदलताना

होस्टिंग बदललं की नवीन कंपनी दोन नेमसर्व्हरची नावं कळवते. एक बंद पडला तर दुसऱ्याने उत्तर द्यावं म्हणून दोन. जिथे डोमेन नोंदवलं, त्या खात्यात जाऊन जुनी दोन नावं खोडायची आणि नवी दोन लिहायची. काम एवढंच, पण तेवढ्यातही तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा विसरलेल्या नोंदींचा. नेमसर्व्हरकडे नुसता साइटचा पत्ता नसतो. 'ए' नोंद म्हणजे साइटच्या यंत्राचा क्रमांक, 'एमएक्स' म्हणजे त्या नावावरची ईमेल कुठे पोहोचवायची ते, 'टीएक्सटी' म्हणजे मोकळा शेरा, ज्यात ओळख पटवण्याच्या खुणा लिहितात. नेमसर्व्हर बदलला की ही अख्खी वही बदलते. नव्या वहीत 'एमएक्स' उतरवून घेतलं नाही, तर साइट झकास चालते आणि ईमेल गुपचूप बंद पडते. चार दिवसांनी कोणीतरी विचारतं, "माझ्या मेलला उत्तर का दिलं नाही?" तेव्हा ते कळतं.

दुसरा खड्डा घाईचा. वाटेतले शोधक सर्व्हर एकदा मिळालेलं उत्तर लक्षात ठेवतात; किती वेळ ठेवायचं ते त्या नोंदीबरोबरच सेकंदांत लिहिलेलं असतं. त्याला टीटीएल म्हणतात. 'डॉट कॉम'च्या नोंदवहीत नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवसांचा असतो. "४८ तास थांबा" हा सल्ला इथूनच आला. नवीन पत्ता कुठेही 'पसरत' नसतो. जुना पत्ता एकेकाच्या आठवणीतून पुसला जात असतो. म्हणून शेजारच्या फोनवर नवी साइट आणि आपल्या फोनवर जुनी, असं दोन दिवस चालू शकतं. या काळात जुनं होस्टिंग बंद करायचं नाही. आपल्या 'ए' नोंदीचा टीटीएल मात्र आपल्या हातात असतो. बदलाच्या आदल्या दिवशी तो पाच मिनिटांवर आणून ठेवला की पुढचं बरंच सोपं जातं.

तिसरा खड्डा क्वचित भेटतो, पण भेटला की डोकं चक्रावतं. आपल्या डोमेनचा नेमसर्व्हर आपल्याच डोमेनच्या नावाखाली ठेवला, तर नाव शोधायला नेमसर्व्हर हवा आणि नेमसर्व्हर शोधायला नाव हवं. आधी कोंबडी की आधी अंडं? यावर तोड म्हणून वरच्या नोंदवहीत, म्हणजे 'डॉट इन'वाल्यांकडे, त्या नेमसर्व्हरचा क्रमांकही लिहून ठेवतात. या नोंदीला ग्लू म्हणतात. ती चिकटपट्टी विसरली की सगळं बरोबर लिहूनही साइट सापडत नाही.

शिक्का, मोर्तब आणि लखोटा

आता प्रमाणपत्र. जुन्या मराठी दफ्तरातल्या पत्रावर वर शिक्का असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. शिक्क्यावरून पत्र कोणाचं ते कळे. मोर्तबामुळे खाली कोणाला पदरची ओळ घुसवता येत नसे. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यात ही दोन वेगळी कामं आहेत हे विसरतो. शिवाय पत्र लखोट्यात घातलं की तिसरं कामही होतं: जासूद मधे ते वाचू शकत नाही.

साइटच्या पत्त्यात 'एचटीटीपी'ला शेवटी 'एस' लागतो तेव्हा हीच तीन कामं होतात. समोरचं यंत्र त्याच नावाचं आहे याची खूण पटते, मजकुरात मधे कोणी ढवळाढवळ केली तर ती उघडी पडते आणि वाटेत कोणाला तो वाचता येत नाही. स्टेशनवरच्या फुकट वायफायवर बसून कोणी मावशीच्या साइटवर फोन नंबर भरत असेल, तर या तिन्हींची गरज असते.

एसएसएल हे नेटस्केप कंपनीचं अपत्य. त्याची दुसरी आवृत्ती १९९५ मध्ये लोकांपुढे आली, तिसरी १९९६ मध्ये. १९९९ पासून त्याची जागा टीएलएसने घेतली आणि आज वापरात आहेत त्या टीएलएसच्या २००८ आणि २०१८ च्या आवृत्त्या. जुन्या एसएसएलमध्ये भोकं सापडल्यामुळे ते केव्हाच मोडीत निघालं. वनस्पती तुपाला आपण वर्षानुवर्षं डालडा म्हणत आलो, तसं टीएलएसला अजून एसएसएल म्हणतो.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला आपण नावाचे खरे धनी आहोत हे पटवायचं कसं? त्यासाठी आधार कार्ड लागत नाही. ती संस्था एक निरर्थक अक्षरमाळ देते आणि म्हणते, "ही तुझ्या साइटवर अमुक ठिकाणी ठेव," किंवा "तुझ्या नेमसर्व्हरच्या वहीत टीएक्सटी शेरा म्हणून लिही." मग ती स्वतः जाऊन पाहते. अक्षरमाळ सापडली की प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे ज्याच्या हातात नेमसर्व्हरची वही, त्याला त्या नावाचं प्रमाणपत्र मिळू शकतं. नावाची नोंद जपायची ती यासाठीही.

पूर्वी या कामाला वर्षाचे हजारो रुपये लागत आणि छोटी माणसं त्या वाटेला जात नसत. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा उपक्रमाने सप्टेंबर २०१५ मध्ये पहिलं प्रमाणपत्र दिलं, डिसेंबरमध्ये ते सर्वांना फुकट खुलं केलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अब्जाचा आकडा गाठला. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपी साइटवर 'सुरक्षित नाही' असा शेरा मारू लागला आणि मग कोणाची सुटकाच उरली नाही.

घोडं कुठे अडतं

सगळ्यात जास्त चुकतो तो क्रम. नेमसर्व्हर बदलून चहाही प्यायच्या आत लोक प्रमाणपत्राचं बटण दाबतात. तपासणारी संस्था जाऊन पाहते तर पत्ता अजून जुन्या यंत्राचा. तपासणी फसते, माणूस चिडून पुन्हा पुन्हा दाबतो, आणि लेट्स एन्क्रिप्टचा नियम असा की एका नावासाठी तासात पाच तपासण्या फसल्या की दार काही वेळ बंद. 'डिग' किंवा 'एनएसलुकअप' या पत्ता विचारण्याच्या साधनांनी नवा पत्ता मिळतोय याची खात्री करायची, मगच बटण दाबायचं.

दुसरी अडचण जुन्या उरलेल्या नोंदीची. 'ए' नोंद बदलली, पण आयपीव्ही६ या नव्या क्रमांक-पद्धतीची 'चौपट ए' नोंद जुन्याच यंत्राची राहिली. आपल्या फोनवर साइट ठीक दिसते. तपासणी मात्र आधी आयपीव्ही६ च्या पत्त्यावर जाते आणि फसते. तिसरी: 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावलेलं नाव आणि न लावलेलं नाव ही दोन वेगळी नावं आहेत, प्रमाणपत्रात दोन्ही हवीत. चौथी: प्रमाणपत्र एकटं नसतं, त्याला सही करणाऱ्या मधल्या संस्थेचं प्रमाणपत्रही सोबत जोडायचं असतं. ते राहिलं तर संगणकावर साइट उघडते आणि एखाद्या फोनवर इशारा येतो. पाचवी: पान एचटीटीपीएसचं, पण आतले फोटो साध्या एचटीटीपीने मागवलेले. मग दार बंद आणि खिडकी सताड उघडी असा प्रकार होतो.

आणि शेवटची, मावशीला बाधली ती: नूतनीकरण. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं. ते ६० दिवसांनी आपोआप नवं व्हावं, अशी व्यवस्था एकदा लावायची असते. साइट करून देणाऱ्या मुलाने ती लावली नव्हती. दर तीन महिन्यांनी तो वहीत शेरा लिहून हातानेच प्रमाणपत्र काढत असे. मग त्याची नोकरी बदलली आणि एका तारखेला तो विसरला. हाताने करण्याचे दिवस तसेही सरत आले आहेत. कुठल्याही संस्थेच्या प्रमाणपत्राची कमाल मुदत सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस होती. एप्रिल २०२५ मध्ये ठरलेल्या नियमाने ती मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. मुदत जितकी छोटी, तितकं प्रमाणपत्रामागची गुप्त किल्ली चोरीला गेली तर होणारं नुकसान कमी, हा त्यामागचा विचार.

कुलूप काय सांगत नाही

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसलं की साइट सज्जनाची, हा गैरसमज फार खोलवर रुजला आहे. प्रमाणपत्र एवढंच सांगतं की तुम्ही ज्या नावावर आलात ते यंत्र त्याच नावाचं आहे. ते नाव भामट्याने घेतलं असेल, तर भामट्याशी तुमचं बोलणं अगदी सुरक्षित चाललेलं असतं. हा गैरसमज तुटावा म्हणूनच क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप काढून टाकलं.

शिक्का देणाराच चुकला तर काय होतं, हे आपल्या देशाने पाहिलं आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळलं की भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, शिक्क्याने गूगलच्या नावांची परस्पर प्रमाणपत्रं निघाली आहेत. विंडोज या शिक्क्यावर विश्वास ठेवत असे, त्यामुळे कोणाला मधे बसून लोकांचा व्यवहार वाचणं शक्य झालं असतं. एनआयसीचे अधिकार रद्द झाले आणि क्रोमने भारतीय शासकीय शिक्का 'गव्ह डॉट इन', 'एनआयसी डॉट इन', रिझर्व्ह बँक अशा मोजक्या नावांपुरताच मानायचं ठरवलं. आता निघालेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद जाहीर वहीत करावी लागते. एप्रिल २०१८ नंतरच्या ज्या प्रमाणपत्राची तिथे नोंद नाही, ते क्रोम मानत नाही. चावडीवर दवंडी पिटल्यासारखंच. आपल्या नावावर कोणी भलतं प्रमाणपत्र काढलं का, ते कोणालाही तिथे फुकट पाहता येतं.

शिक्का खरा असूनही नाव फसवं असू शकतं, म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांसाठी 'बँक डॉट इन' ही वेगळी आळीच बसवली. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी तिथे राहायला जायचं होतं, नागरी सहकारी बँकांनीही. ही नावं फक्त हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था देते आणि फक्त बँकांनाच देते. खऱ्याखोट्याचा निवाडा शिक्क्यावर न सोडता नाव देतानाच करायचा, असा त्याचा अर्थ.

मावशीची वही

आमचे अकरा दिवस गेले ते नावापायी. डोमेनचं खातं त्या मुलाच्या जुन्या ईमेलवर होतं आणि ओटीपी जायचा तो नंबर त्याने कधीच बंद केला होता. होस्टिंगचं खातंही त्याचंच. मुलगा भला, फोन लागला तेव्हा बिचारा ओशाळला. त्याने हक्क सांगितला असता तर मात्र मावशीची बाजू लंगडी पडली असती, कारण नोंद त्याची होती. नवीन नंबर लावून खातं उघडायला त्याला ओळखीचे कागद पाठवावे लागले, मग त्याने नाव मावशीच्या खात्यात वळतं केलं. पुढे मी नेमसर्व्हर बदलले, दोन दिवस थांबलो आणि प्रमाणपत्र काढलं. त्याला तीन मिनिटं लागली. त्या शनिवारची बारा माणसं फोनवर समजावल्यामुळे आली, पण मधल्या रविवारची एक बस हातची गेली.

प्रमाणपत्र आता आपोआप नवं होतं. मावशीला मी सगळा व्यवहार समजावू लागलो, तर तिने मधेच हात वर केला. "मला एवढंच सांग, कुठली तारीख चुकवायची नाही?"

मी डोमेनच्या मुदतीची तारीख सांगितली. तिने ती वहीत लिहिली, नोंदणीची पावती घडी घालून लोखंडी कपाट उघडलं आणि जिथे वाडीचा सातबारा ठेवते, त्याच पिशवीत ती सरकवली.